हिरोचा ‘सा’ काळी चार

ऑफिसात तुमचा आवाज कोणी मोजलाय का हो कधी? माझा मोजला. यंदाच्याच अप्रेझलला.

काचेची केबिन, एसी फुल्ल, समोर सर. ‘काम ए-वन आहे तुझं. क्लायंट खूश आहे. फक्त ना...’

आपल्याकडे ‘फक्त ना’ आलं की समजायचं, बढती गेली.

‘फक्त ना, कॉलवर तुझा आवाज जरा पातळ येतो. टीम लीड करणाऱ्याच्या आवाजात वजन पाहिजे. थोडा खाली आण.’

संध्याकाळपर्यंत मेलमध्ये एका कोर्सची लिंकही आली. सहा आठवड्यांत आवाजात अधिकार! आता मला सांगा, अंगातलं वजन उतरवायला मी जिमला पैसे भरते, ते काय कमी आहेत? त्यात आवाजाचं वजन वाढवायला वेगळे भरू?

तरी हौस दांडगी. परतीच्या ठाणे स्लोमध्ये, लेडीज डब्यात, खिडकीकडे तोंड करून मी सुरू केलं. ‘गुड मॉर्निंग एव्हरीवन.’ खाली. अजून खाली. मुलुंड येईपर्यंत शेजारच्या बाईंनी पर्समधून पुडी काढली. ‘घसा बसलाय का गं? ज्येष्ठमध ठेव तोंडात.’

असो. तर या आवाजाच्या भानगडीत मी अर्जुन कशी झाले आणि अर्जुनावरून थेट लंडनला कशी पोचले, ती आजची गोष्ट.

आमची बिल्डिंग खोपटला, एसटी डेपोपासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे हाक ऐकू येणार नाही, मध्ये हॉर्न आहेत. पाच दिवसांचा सार्वजनिक गणपती, चौथ्या दिवशी सत्यनारायण आणि रात्री पार्किंगमध्ये ‘विविध गुणदर्शन’. दरवर्षी तेच. रेकॉर्ड डान्स, फॅन्सी ड्रेस, एका काकांची मिमिक्री. यंदा मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी फर्मान काढलं, की ‘संगीत सौभद्र’मधला एक प्रवेश करायचा. काकू शहात्तर वर्षांच्या. बिल्डिंगमधल्या प्रत्येक कार्ट्याने त्यांच्या हॉलमध्ये बसून कधी ना कधी ‘सा रे ग म’ घोकलेलं आहे, त्यामुळे नाही म्हणायची कुणाची हिंमत नाही. शिवाय गाव ठाणं! ‘मंदारमाला’ गाजवणारे पंडित राम मराठे याच गावात राहायचे, हे काकू प्रत्येक तालमीत एकदा तरी ऐकवतात.

अर्जुन ठरला होता चौथ्या मजल्यावरचा एक मुलगा. आवाज बरा, दाढी बरी. पण ऐन वेळी त्याला नाईट शिफ्ट लागली. उरलो कोण? सहा बायका आणि दोन रिटायर्ड काका. त्यातले एक पोटामुळे बलराम झाले होते, दुसऱ्यांना सूर या गोष्टीशी देणंघेणं नव्हतं. काकूंनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं आणि बोट माझ्यावर आलं. ‘तू उंच आहेस. तू अर्जुन.’

‘सौभद्र’ ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अण्णासाहेब किर्लोस्करांचं १८८२ सालचं नाटक. बलरामदादाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, तिचं प्रेम अर्जुनावर, आणि कृष्ण पडद्यामागून सूत्रं हलवतोय. अर्जुन यतीच्या वेशात, म्हणजे संन्यासी बनून येतो. थोडक्यात, मी मुलगी असून अर्जुन व्हायचं आणि अर्जुन असून संन्यासी व्हायचं. आयटीत याला मल्टी-टास्किंग म्हणतात.

पहिल्या तालमीला मी तयारीत गेले. सरांचा सल्ला डोक्यात होताच. काकू पेटी घेऊन बसल्या. म्हटलं, ‘काकू, काळी एक द्या.’ काकूंनी दिली. मी छाती पुढे काढली, हनुवटी खाली घेतली आणि गायला लागले. खर्जात पोचल्यावर जो आवाज निघाला तो थंडीत सकाळी सुरू होणाऱ्या एसटीचा होता.

काकूंनी भाता बंद केला. ‘काय चाललंय?’

‘अर्जुन आहे ना काकू. जरा मर्दानी वाटायला...’

‘अर्जुन धनुष्य हातात धरायचा गं, घशात नाही. काळी चार घे.’

पेटी न वाजवणाऱ्यांसाठी सांगते. आपल्या गाण्यात ‘सा’ कुठल्या एका पट्टीला बांधलेला नसतो. गाणाऱ्याचा गळा जिथे आरामात बसतो, तिथे त्याचा सा. पुरुष साधारण काळी एकच्या आसपास गातात, बायका काळी चारच्या आसपास. म्हणूनच संगीत नाटकात नायक आणि नायिका दोघं गाणारी असली की साथीदारांची धावपळ. तिचं पद संपलं, त्याचं आलं, की ऑर्गनवाल्याने पट्टी बदलायची आणि तबलजीने दुसरा तबला पुढे ओढायचा.

आमच्याकडे ही कटकटच नव्हती. सुभद्रा तिसऱ्या मजल्यावरची, सीएची परीक्षा देणारी मुलगी. तिचाही सा काळी चार, माझाही काळी चार. हिरो-हिरॉइन एकाच पट्टीत! त्या दिवशी मी नीट, माझ्या आवाजात गायले. काकू काही बोलल्या नाहीत, पण पेटी थांबली नाही. काकूंकडे याला स्टँडिंग ओव्हेशन म्हणतात.

तरी मनात किडा होताच. बाईच्या आवाजातला वीरपुरुष लोकांना पटेल का? घरी आले, मोबाइल काढला, शोधायला बसले आणि रात्री दीड वाजता सापडला जॉर्ज फ्रिडरिक हँडल. जन्माने जर्मन, कर्माने लंडनचा. त्याचा ‘ज्युलियस सीझर’ हा ऑपेरा १७२४ साली लंडनमध्ये पहिल्यांदा झाला. इजिप्तमध्ये आलेला सीझर, त्याच्यावर जाळं टाकणारी आणि मग स्वतःच त्यात अडकणारी क्लिओपात्रा. मी पाहिला तो प्रयोग २००५ सालचा, इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्न महोत्सवातला. आणि त्यात सीझर कोण? सेरा कॉनली. चक्क बाई! लष्करी कोट, आखडलेली मान, सैन्याला नजरेने गप्प करणारी ऐट. बरं, दिग्दर्शकाने गोष्ट ब्रिटिश साम्राज्याच्या काळात नेलेली, त्यामुळे क्लिओपात्रा झालेली डॅनियल डी नीस अधूनमधून बॉलिवूड स्टाइल ठुमकेसुद्धा मारते. म्हटलं, हा तर आपलाच मामला!

मला वाटलं, काहीतरी नवीन फॅड असेल. तर छे. त्या काळच्या ऑपेरात हिरोचा आवाज उंचच असायचा. खर्जातले आवाज बहुतेक वेळा म्हातारे बाप, सेनापती यांच्या वाट्याला. सीझर, सिकंदर असले जगज्जेते मात्र बाईच्या पट्टीत गायचे. गाणारे बरेचदा पुरुष असत, पण त्यांचा आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच त्यांच्यावर शस्त्रक्रिया केलेली असे. कास्त्राती म्हणत त्यांना. क्रूरच प्रकार. कित्येक पोरांचं आयुष्य त्यात गेलं आणि थोडेसेच स्टार झाले. पोपच्या राज्यात बायकांना रंगमंचावर बंदी होती, त्यामुळे रोममध्ये नायिकाही हेच करत.

लंडनमध्ये ती बंदी नव्हती. तिथे बायका गात होत्या आणि गरज पडली की सरळ हिरोही होत होत्या. हँडलचा ‘रादामिस्तो’ एप्रिल १७२० मध्ये रंगमंचावर आला तेव्हा नायक रादामिस्तो झाली होती मार्गेरिता दुरास्तांती ही गायिका. मग काय झालं? सेनेसिनो नावाचा बडा कास्त्रातो लंडनला आला. डिसेंबरमध्ये तोच ऑपेरा पुन्हा लागला तेव्हा रादामिस्तो सेनेसिनोकडे गेला आणि दुरास्तांतीबाईंना मिळाली रादामिस्तोच्या बायकोची भूमिका. आठ महिन्यांत हिरोची हिरोची बायको! तुमच्याआमच्या ऑफिसात याला ‘रिस्ट्रक्चरिंग’ म्हणतात.

बाई गप्प बसली नाही म्हणा. १७२४ च्या ‘सीझर’मध्ये सेनेसिनो सीझर होता आणि बापाच्या खुनाचा बदला घेणारा तरुण सेस्तो होती हीच दुरास्तांती.

पुढे कास्त्रातींचा जमाना गेला आणि हँडलचे ऑपेरे दीड-दोनशे वर्षं धूळ खात पडले. विसाव्या शतकात ते बाहेर काढले तेव्हा लोकांना प्रश्न पडला, सीझर गाणार कोण? पुष्कळांनी सोपा मार्ग काढला. हिरो म्हणजे दणकट पुरुषी आवाज, तेव्हा सगळी गाणी एक सप्तक खाली ओढा! १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये नॉर्मन ट्रिगल या भारदस्त आवाजाच्या गायकाने सीझर असाच गायला. आपल्याकडे सा हलवता येतो. त्यांच्याकडे स्वर कागदावर पक्के लिहिलेले. गाणं सप्तकभर खाली आलं की वरच्या वाद्यांशी त्याचं जे लपंडाव खेळणं असतं, त्याची मजा जाते.

मग आल्या बायका. १९७९ मध्ये जॅनेट बेकर लंडनमध्ये सीझर झाल्या. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने आपल्या इतिहासात पहिल्यांदा हँडल लावला, ‘रिनाल्डो’. तलवार घेऊन धर्मयुद्धाला निघालेला तो वीर होता मॅरिलिन हॉर्न. गाणी सप्तकभर खाली न ओढता. आज बायकांच्या पट्टीत गाणारे पुरुषही पुष्कळ आहेत, काउंटरटेनर म्हणतात त्यांना, आणि ते याच भूमिकांसाठी रांगेत असतात. पण रस्ता मोकळा करण्यात या बायकांचा वाटा मोठा.

मग वीररस येतो कुठून? कान देऊन ऐकलं आणि ट्यूब पेटली. तानेतून! रागावलेला हिरो आवाज जाड करत नाही, तो एका दमात तान फेकतो. सगळी ताकद दमसासात. गाण्याचा पहिला भाग, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, आणि या परतीच्या फेरीत गायकाने स्वतःच्या जागा घ्यायच्या. आपल्याकडे मुखड्यावर परत येताना दर वेळी नवीन हरकत असते, तसंच काहीसं. वन्समोअर घेणाऱ्या आपल्या नाट्यगीतवाल्यांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. आणि हो, सीझरच्या एका गाण्याला हॉर्नची साथ आहे. ती आमच्याकडे डेपोतून फुकट मिळते.

दुसऱ्या दिवशी ही सगळी बातमी मी काकूंना ऐकवली. वाटलं, थक्क होतील. काकू शेंगा सोलत होत्या. ‘बरं झालं सांगितलंस,’ त्या म्हणाल्या. ‘आता आपल्याकडच्या बायकांचीही नावं शोध.’

शोधली. आणि खरं सांगते, लाज वाटली.

बालगंधर्व आपल्या सगळ्यांना माहीत असतात. नाटक पाहिलेलं नसलं तरी २०११ चा सिनेमा पाहिलेला असतो. त्यांचा शालू, त्यांचा अंबाडा, त्यांच्या साड्यांची नक्कल करणाऱ्या घरोघरच्या बायका, सगळं ऐकलेलं असतं. पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे. बाई झालेल्या पुरुषाला आपण डोक्यावर घेतलं, आणि घेण्यासारखाच गळा होता तो.

पण त्याच काळात उलटा प्रकारही चालू होता. किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श या बड्या कंपन्यांमध्ये सगळे पुरुष, तशा दुसऱ्या टोकाला केवळ बायकांच्या नाटक कंपन्या होत्या. बेळगावकर स्त्री संगीत मंडळी, सातारकर स्त्री संगीत मंडळी, मनोहर स्त्री संगीत मंडळी. तिथे राजा बाई, विदूषक बाई, खलनायक बाई आणि हिरोसुद्धा बाईच. पगडी, शेला, मिशी, तलवार, सगळं बायकांच्या अंगावर. गावोगाव तिकिटं लावून प्रयोग!

सातारकर मंडळीत काही काळ होत्या मोगूबाई कुर्डीकर. हो, त्याच, जयपूर घराण्याच्या थोर गायिका, किशोरी आमोणकरांच्या आई. १९०४ साली गोव्यातल्या कुर्डी गावी जन्मलेल्या. ते गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि आता दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काही दिवस वर येतं. जुन्या जोत्यांचे दगड बघायला लोक तिथे जातात. स्त्री मंडळींचंही तसंच झालंय. कुणीतरी खणलं की तेवढ्यापुरतं दिसतं, मग परत पाणी.

आणि दुसऱ्या कमलाबाई गोखले. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये त्या मोहिनी होत्या, आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत पार्वती. हिंदी-मराठी सिनेमाच्या पडद्यावर पहिल्यांदा बायका दिसल्या त्या या मायलेकी. चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. याच कमलाबाईंनी रंगभूमीवर पुरुषांच्या भूमिकाही केल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रीना मोहन यांनी त्यांच्यावर एक माहितीपट केला, म्हणून नव्वदीतल्या कमलाबाई आज आपल्याला बघायला तरी मिळतात.

हे वाचताना मला सारखा एक प्रश्न पडत होता. बालगंधर्वांचं नाव राहिलं, मग पगडी घातलेल्या बायकांचं का नाही? गाणं कमी पडलं असेल असं मानायला मन तयार होत नाही. मोगूबाईंच्या गाण्यापुढे नंतर मोठमोठे उस्ताद मान डोलवत होते. गोम वेगळीच आहे. बाईची भूमिका करणारा पुरुष हा घरंदाज कलावंत, आणि रंगमंचावर उभी राहणारी बाई, मग ती राजाची भूमिका का करत असेना, ‘तसली’. एकाच धंद्यात दोन रेटकार्ड!

मग १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’चं ‘आंधळ्यांची शाळा’ आलं. ज्योत्स्ना भोळे, पद्मावती वर्तक रंगमंचावर उभ्या राहिल्या. पांढरपेशा घरातल्या बायकांना नाटकाचं दार उघडलं. फार मोठी गोष्ट, वादच नाही. त्याच सुमारास बोलपट आले आणि जुन्या कंपन्यांची गणितं कोलमडली. पण बघा, बाई मोठ्या रंगमंचावर आली ती नायिका म्हणून. नायकाला आता पुरुष होते. म्हणजे जागा मिळाली, आणि तलवार, पगडी, संकटात धावून जाणं, वीरश्रीची पदं, हे सगळं त्या दारातून आत येताना बाहेर राहिलं. दुरास्तांतीबाईंसारखंच. आधी हिरो, मग हिरोची बायको.

कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण तेव्हापासून आपल्या कानांना सवय लागली, की धीराचं, हुकमाचं बोलणं म्हणजे खालच्या पट्टीतलं बोलणं. ही सवय इतकी पक्की, की मार्गारेट थॅचरसारख्या बाईने राजकारणात शिकवणी लावून आवाज खाली आणला. सर बिचारे माझ्याशी वाईट वागले नाहीत. त्यांनी फक्त सवयीने सांगितलं. आणि मी सवयीने मुलुंडपर्यंत घसा खरवडला.

तर सत्यनारायणाची रात्र. पार्किंगमधल्या गाड्या हलवून स्टेज मांडलं होतं. मला भगवी छाटी, हातात दंड, काकूंच्या कपाटातली रुद्राक्षाची माळ. मिशी घाम आल्यावर एका बाजूने सुटली, ती मीच काढून टाकली. बलराम झालेल्या काकांनी आपली दोन आणि माझं एक वाक्य म्हटलं. मग पेटीवर काळी चार वाजली. पहिल्या ओळीला डेपोतून हॉर्न आला, लोक हसले. दुसऱ्या ओळीला थांबले. सुभद्रेचं पद संपून माझं सुरू झालं तेव्हा तबलजीला काहीच बदलावं लागलं नाही. एकाच सा वर दोन गळे, एकीचा रुसवा आणि एकीची समजूत. कोण बाई, कोण बुवा, हे आवाजाच्या जाडीवरून नाही, शब्दाच्या फेकीवरून कळत होतं. शेवटची तान मला जमली. म्हणजे जवळजवळ जमली. काकूंनी पेटीवरून मान वर केली, एवढं मी बघितलं.

नाईट शिफ्टवाल्या मूळ अर्जुनाने ऑफिसच्या पँट्रीतून व्हिडिओ कॉलवर पाहिलं. त्याचा मेसेज आला, ‘माझ्यापेक्षा बरी झालीस. पुढच्या वर्षी मी सुभद्रा.’

सोमवारी सकाळी साडेनऊचा क्लायंट कॉल. सवयीने पहिलं वाक्य मी खालच्या आवाजात टाकलं. दुसऱ्या वाक्याला दम लागला. तिसऱ्याला मनात म्हटलं, काळी चार. आणि बोलले, जशी बोलते तशी, फक्त श्वास पोटातून घेऊन आणि शब्द नीट फेकून. पलीकडून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. क्लायंटने चौथ्या स्लाइडवरचा आकडा पुन्हा विचारला, मी पुन्हा सांगितला. सर काही बोलले नाहीत. अप्रेझलच्या फॉर्मवर तो शेरा अजून तसाच आहे आणि एप्रिलपर्यंत तसाच राहणार.

कोर्सच्या लिंकवर मी काही क्लिक केलेलं नाही. त्याऐवजी दर शनिवारी संध्याकाळी काकूंकडे जाते. फी नाही, फक्त शेंगा सोलाव्या लागतात.

एप्रिलमध्ये वन्समोअर आला तर कळवीनच!